गढूळ पाण्याचे गुपित



पाऊस लागला की आमच्या विहिरीचे पाणी चहासारखे लाल होते. आई ते चौपदरी फडक्याने गाळते, तरी हंड्यात पाणी गढूळच. रात्रभर ठेवले तर तळाला रेती बसते, पण वरचं पाणी काही निवळत नाही. मला प्रश्न पडला, रेती खाली बसते, मग हा रंग का बसत नाही? मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "अगं, तो रंग नाही, ती मातीच आहे. फार बारीक माती." मग त्यांनी वर्गात एक प्रयोग करून घेतला.

साहित्य : काचेचे तीन पेले, पाणी, मीठ, दूध, माती, बॅटरी.

कृती : पहिल्या पेल्यात चमचाभर मीठ विरघळवले. दुसऱ्यात दुधाचे चार थेंब टाकले. तिसऱ्यात मूठभर माती ढवळली. खिडक्या लावून अंधार केला आणि बाजूने बॅटरीचा उजेड पाडला.

निरीक्षण : मिठाच्या पाण्यातून उजेड पार गेला, पण पाण्यात त्याची वाट दिसली नाही. दुधाच्या पाण्यात उजेडाचा लांब पट्टा दिसला. मातीच्या पेल्यातून उजेड आलाच नाही. थोड्या वेळाने जाड माती खाली बसली. वरच्या गढूळ पाण्यात मात्र दुधासारखाच पट्टा दिसला.

अनुमान : मिठाचे कण पाण्यात अगदी मिसळून जातात. ते झाले द्रावण. जाड मातीचे कण मोठे असतात, म्हणून ते खाली बसतात. त्याला निलंबन म्हणतात. या दोघांच्या मधले जे असते, ते कलिल. कलिलाचे कण विरघळत नाहीत आणि खालीही बसत नाहीत. ते उजेड चहूकडे विखुरतात, म्हणून पट्टा दिसतो.

हे कण केवढे असतात? पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे १० लाख सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागापासून १००० भागांपर्यंत. फडक्याची भोके त्यांच्यापुढे म्हणजे वेशीचा दरवाजाच! म्हणून आईने कितीही गाळले तरी ते पार होतात.

थॉमस ग्रॅहम नावाच्या स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञाने १८६१ साली या पदार्थांना इंग्रजीत 'कोलॉइड' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'कोला' म्हणजे सरस किंवा डिंक. आपल्या घरात कलिले पुष्कळ आहेत. दूध, लोणी, चुलीचा धूर, वहीला लावायची खळ ही सगळी कलिलेच.

आता खरी गंमत. हे कण खाली का बसत नाहीत? एक तर ते फार हलके. दुसरे म्हणजे त्यांच्यावर थोडी थोडी वीज असते. कोरड्या केसांवर घासलेले दोन फुगे जवळ आणले तर ते एकमेकांना दूर लोटतात. तसेच मातीचे कण एकमेकांना लोटतात. ते जवळ येत नाहीत, म्हणून त्यांचा मोठा गोळा होत नाही.

माझी आजी शाळेत गेली नाही, पण तिला यावरचा उपाय ठाऊक आहे. ती म्हणते, "पोरी, हंड्यात तुरटी फिरीव चार येढे." तुरटी विरघळली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमची उलटी वीज मातीच्या कणांची वीज घालवते. मग कण एकमेकांना चिकटतात. त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि तळाला बसतात. दुधात लिंबू पिळले की दूध फाटते, तिथेही लिंबाच्या आंबटपणाने कणांची वीज जाते आणि ते गोळा होतात.

आता एक चूक सांगते. ती माझीच आहे. गेल्या आषाढात आई पाणी उकळायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "आई, तुरटीने पाणी काचेसारखं झालंय. कशाला सरपण जाळतेस?" आईने ऐकले. आम्ही तेच पाणी प्यायलो. तिसऱ्या दिवशी माझ्या लहान भावाला जुलाब सुरू झाले. तो एवढा मलूल झाला की रडायचासुद्धा बंद झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी उकळून पिता का?" मी आईच्या मागे लपले.

ओ.आर.एस.चे पाणी पाजून तो बरा झाला. पण तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली. तुरटीने माती बसते. तिच्याबरोबर काही जंतूही खाली जातात, पण सगळे जात नाहीत. जे उरतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी नितळ दिसले म्हणजे ते शुद्ध झाले असे नाही.

म्हणून पावसाळ्यात असे करा. आधी पाणी गाळा. मग तुरटी फिरवा आणि पाणी न हलवता ठेवा. गाळ बसला की वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचा गाळ टाकून द्या. ओतलेले पाणी खळखळ उकळा, उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवा. गार झाले की झाकून ठेवा आणि ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका.

मित्रांनो, बॅटरीचा प्रयोग घरी जरूर करून पहा. पेल्यातले पाणी मात्र पिऊ नका हं!

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी