पंपाच्या आधी हवा

पॉवर स्टेअरिंगचा होज पाइप बदलून गाडी गॅरेजबाहेर आली, आणि स्टेअरिंग फिरवताच बॉनेटखालून घुर्रघुर्र सुरू झाली, की निदान तयारच असतं : ‘पंप गेलो तुमचो, नवीन घालूक होयो.’ माझं म्हणणं एवढंच की, हे निदान ऐकून लगेच पाकिटात हात घालू नये. पाइप बदलेपर्यंत ज्या पंपाची काही तक्रार नव्हती, तो पाइप बदलल्याबरोबर कसा काय मेला, हा प्रश्न आधी विचारावा. तो विचारला की समोरचा माणूस गाडीकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघू लागतो, ‘गाडी तुम्ही दुरुस्त करता की मी?’ अशा नजरेने. माझे किती पैसे कुठे गेले, ती कहाणी इथे उगाळत नाही. पण या लिखाणामागे राग आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल आपल्या हाताला बळ देतं. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने 1926 मध्ये हे करून दाखवलं, 1951 मध्ये क्रायस्लरने ते विक्रीच्या मोटारीत आणलं, आणि बोलेरो-स्कॉर्पिओपासून ट्रकपर्यंत अनेक गाड्यांत आपण तेच तत्त्व वापरत आलो. सगळा खेळ तेल दाबलं जात नाही यावर उभा आहे. पाइप बदलताना आत शिरलेली हवा मात्र दाबली जाते. पूर्ण वळणावर तेलाचा दाब वातावरणाच्या 70 पटींवर जातो, तेव्हा आत अडकलेला बुडबुडा आक्रसून सत्तराव्या हिश्श्याएवढा होतो. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला की जो लिबलिबीतपणा हाताला लागतो, तोच मग स्टेअरिंगला येतो. कधी बळ मिळतं, कधी मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा झटक्याने. पंपात शिरलेले बुडबुडे दाबाखाली फुटतात, घुर्रघुर्र होते ती त्यांची. म्हणजे आवाज पंपातून येतो हे मिस्त्रीचं म्हणणं खरंच आहे. त्यावरून पंप खराब आहे हा त्याने काढलेला अर्थ तेवढा कच्चा.

पण नवा पंप टाकल्यावर आवाज गेला ना, असं म्हणणारे भेटतातच, आणि गॅरेजवाल्याचा हा सगळ्यात आवडता पुरावा. तो नीट तपासून बघा. पंप बदलायचा म्हणजे जुनं फेसाळलेलं तेल निघतं, नवं भरलं जातं, पाइपांच्या क्लिपा आणि ओ-रिंगा पुन्हा बसतात, आणि शेवटी हवा काढावीच लागते, कारण पंप कोरडा असतो. या चार गोष्टींपैकी एकीनेही आवाज जाऊ शकतो. श्रेय मात्र पाचव्या, सगळ्यात महाग गोष्टीला मिळतं. ज्या कामाने गाडी बरी झाली असेल ते पंपाशिवायही करता आलं असतं. आधी तेल आणि हवा, मग क्लिपा, आणि तरीही आवाज राहिला तर पंप, असा क्रम धरला तर फार तर थोडा वेळ वाया जाईल. उलटा क्रम धरला तर पंप खरंच गेला होता की नाही, हे कधीच कळत नाही. मला वाटतं, ते न कळण्यातच काहींची सोय असते.

हवा आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडा. तेल दुधाळ, फेसाळ दिसलं तर त्यात हवा मिसळली आहे. तेल स्वच्छ आहे पण त्यात धातूचा चुरा चमकतोय, किंवा तेल तापल्यावर, इंजिन आयडलला असताना स्टेअरिंग जड होतं, तर मात्र पंपावर संशय घ्यायला जागा आहे. आणखी एक कसोटी अनेक जपानी गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत दिलेली असते. इंजिन चालू ठेवून, चाकं सरळ करून तेलाची पातळी खूण करून ठेवायची, मग इंजिन बंद करायचं. आत दबून बसलेली हवा दाब जाताच फुगते आणि तेल डबीत वर ढकलते. पातळी साधारण 5 मिलिमीटरपेक्षा जास्त चढली तर हवा अजून आत आहे. गाडी ताब्यात घेताना, पैसे देण्याआधी, ही कसोटी आपल्यासमोर करायला सांगा. ती टाळणाऱ्याला पैसे देण्याची घाई करू नका.

हवा काढायची रीत ब्रेकसारखी नाही, आणि इथेच घोळ होतो. काही ट्रकांच्या स्टेअरिंग बॉक्सवर हवा सोडायचा निपल असतो, पण बहुतेक मोटारींना तो नसतो. हवा डबीतूनच वर निघते. इंजिन चालू ठेवून दाबाच्या पाइपाचा नट सैल करणं म्हणजे तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर तेलाची पिचकारी मारणं, आग लागायची ती अशीच. त्याऐवजी मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंद ठेवून, डबी भरलेली ठेवत, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश 15-20 वेळा फिरवा. डबीत बुडबुडे येणं थांबलं की मगच इंजिन आयडलला चालू करा आणि तेच पुन्हा करा. टोकाला गेल्यावर स्टेअरिंग दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. पहिल्याच फेरीला इंजिन चालू केलं तर पंप त्याच हवेचा बारीक फेस करतो, आणि तो फेस वर यायला तासन् तास घेतो. तसं झालं तर गाडी रात्रभर उभी ठेवणं हाच उपाय. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलं तेच ओता, बाटली न हलवता, बारीक धारेने.

‘चलवा हो, हवा आपसूक जातली’ हा आणखी एक सल्ला. त्यात तथ्य आहे. थोडीशी हवा चालता चालता डबीतून निघून जाते. पण सपाट रस्त्यावरची थोडी हवा आणि घाटातली हवा यांत फरक आहे. 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता, तेव्हा भुईबावडा घाटाच्या अरुंद वळणांवरून गगनबावड्याला चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या गिअरवर, इंजिन मंद, स्टेअरिंग टोकाला, समोरून ट्रक : पंपाकडे सगळ्यात जास्त मागणी नेमकी तिथे असते. पॉवर पूर्ण गेली तर स्टेअरिंग जड होतं, पण हाताला अंदाज राहतो. मध्येच येणारी-जाणारी पॉवर तो अंदाजच काढून घेते, म्हणून ती मला जास्त धोक्याची वाटते. शिवाय डबीपासून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप सैल असेल तर हवा कधीच संपत नाही. त्या बाजूला पंप तेल ओढत असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथून तेल गळण्याऐवजी हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, असं ऐकवणाऱ्याला ही क्लिप बोटाने हलवून दाखवायला सांगा.

आता मिस्त्रीच्या बाजूचंही एक खरं आहे. हवा काढायला अर्धा दिवस गेला तर त्याचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो, आणि डब्यातल्या नव्या पंपाला मुकाट मोजतो. वेळेला किंमत नसेल तर कोणीही पार्टच विकणार. म्हणून मजुरी वेगळी विचारा, ती मान्य करा आणि बिलावर ‘हवा काढणे’ लिहून घ्या. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या गाड्यांत, उदाहरणार्थ स्विफ्टमध्ये, हे तेलच नसतं. तिथे स्टेअरिंग ऑइलचे पैसे कुणी लावले तर डबी कुठे आहे ते दाखव म्हणावं. आणि पंप बदललाच, तर जुना पंप मागून घ्या. दांड्याला ढिलेपणा आहे का, आत ओरखडे आहेत का, हे दुसऱ्या कुठल्याही फिटरला दाखवता येतं. तो ‘भंगारात गेला’ असं उत्तर मिळालं, तर निदान कितपत खरं होतं याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.