शब्द एकटा पाठ करू नका

परदेशी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या मुलांचे निबंध आणि पत्रं मी बरीच वर्षं तपासते आहे. व्याकरणाच्या ढोबळ चुका त्यांत आता फारशा नसतात. तरीही वाचणारा मध्येच अडखळतो. शब्द बरोबर असतो, पण त्याच्या शेजारी बसवलेला दुसरा शब्द तिथला नसतो. मेहनती, हुशार मुलांचं लेखन एवढ्यासाठी फिकं पडतं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आपला 'कडक' घ्या. चहा कडक, ऊन कडक, मास्तर कडक आणि शिक्षाही कडक. इंग्रजीत मात्र चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', शिक्षक 'स्ट्रिक्ट' आणि शिक्षा 'सिव्हिअर'. जोराचा वारा 'स्ट्राँग', पण जोराचा पाऊस 'हेवी'. इंजिन 'पॉवरफुल' चालतं, चहा चालत नाही. याला तर्क लावत बसू नये, ही भाषेची वहिवाट आहे. आपणही झोप गाढ म्हणतो आणि धुकं दाट. मराठीत हे कुणी शिकवावं लागलं नाही, म्हणून इंग्रजीत ते मुद्दाम शिकावं लागतं हे आपल्या ध्यानातच येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ क्रियापदांत होतो. 'करणे' आपली बरीच कामं भागवतं. इंग्रजीत चूक, प्रयत्न आणि फोन यांना 'मेक' लागतं. गृहपाठ आणि घरकाम यांना 'डू'. लग्नाला यातलं एकही नाही, तिथे 'गेट मॅरीड'. 'देणे' तर थेट गैरसमज करून ठेवतं. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने तिथल्या प्राध्यापकांना सांगितलं, 'आय गेव्ह ॲन एक्झाम ऑन मंडे.' त्यांनी विचारलं, कुठल्या वर्गाची? तिथे परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक. विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा 'सिट' करतो. पुण्यात तेच वाक्य कुणालाही खटकलं नसतं. भारतीय इंग्रजीची स्वतःची वहिवाट आहे आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही. आपण कुणासाठी लिहितोय, एवढं आधी ठरवायचं.

दुसरा धोका समानार्थी शब्दांच्या याद्यांचा. आयईएलटीएसची तयारी करणाऱ्या एका मुलाने साधे शब्द काढून वजनदार शब्द घालायचा सपाटा लावला होता. 'हेवी ट्रॅफिक'चं त्याने 'पॉन्डरस ट्रॅफिक' केलं आणि 'हेवी रेन'चं 'वेटी रेन'. यादीत ते 'हेवी'चे समानार्थी शब्द म्हणून दिलेले होते, पण रहदारीशी किंवा पावसाशी त्यांचं जमत नाही. या परीक्षेत लेखनाचे पाव गुण शब्दसंपत्तीला असतात आणि शब्दांच्या जोड्या नैसर्गिक आहेत का, हेही त्यात पाहिलं जातं. म्हणजे ज्या गुणांसाठी एवढा खटाटोप, तेच गुण हातचे जायचे.

ही अडचण आपली एकट्याची नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना हॅरॉल्ड पामर यांच्या ती लक्षात आली आणि 1933 मध्ये त्यांनी टोकियोत अशा शब्दजोड्यांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश 1942 मध्ये तिथेच निघाला. पुढे तो ऑक्सफर्डने छापला आणि आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार भाषाविज्ञानात रुजवणारे जे. आर. फर्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्लंडबाहेरच्या शिकणाऱ्यांसाठी या विषयाकडे इतक्या आधीपासून लक्ष दिलं गेलं आहे. त्याचा आपण फायदा करून घ्यावा.

मी मुलांना पहिल्यांदा वही बदलायला सांगते. 'डिसिजन म्हणजे निर्णय' एवढंच लिहून उपयोग नाही. त्याखाली 'मेक अ डिसिजन', 'रीच अ डिसिजन', 'टफ डिसिजन' असं लिहा आणि प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य. सुरुवात नामापासून करा, कारण नाम आपल्याला बहुधा आठवतं. अडतं ते क्रियापदाशी आणि विशेषणाशी. 2002 मध्ये निघालेला ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स, म्हणजे शब्दजोड्यांचा, कोश असाच रचलेला आहे. नाम काढलं की त्याला चालणारी विशेषणं आणि क्रियापदं खाली सापडतात.

कोशाने भागलं नाही तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस पाहा. 10 कोटी शब्दांच्या या संग्रहात एखादी जोडी प्रत्यक्ष वाक्यांत कशी आली आहे ते दिसतं. तो विसाव्या शतकाच्या अखेरचा आहे, त्यामुळे अगदी ताज्या शब्दांसाठी त्यावर विसंबू नका. इंटरनेटवर नुसतं शोधून किती निकाल आले ते मोजू नका. वाक्य कुणी आणि कुठे लिहिलंय ते बघा.

वाचताना पेन्सिल हातात असू द्या. अनोळखी शब्दांखाली रेघ सगळेच ओढतात. तुम्ही ओळखीच्या शब्दाच्या शेजारी कोण आहे त्याखाली ओढा. लेखन पाठवण्याआधी एकदा फक्त नाम आणि क्रियापद यांच्या जोड्या तपासा. शंका आली तर साधी, खात्रीची जोडी ठेवा. आणि एखादा भारदस्त शब्द नव्याने हाती लागला, तर चांगल्या लेखनातली त्याची दोन-तीन वाक्यं पाहिल्याशिवाय तो वापरू नका.