भिंग कशाचं, हे विचारणाऱ्यांसाठी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की घरात दोनच गोष्टींची चर्चा होते: डॉक्टर कोण होते आणि भिंग कितीचं बसवलं. ते भिंग कशाचं आहे, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी होऊन आत गेल्यावर ते उलगडतं कसं, आणि पुढची कित्येक वर्षं डोळ्याला ते परकं का वाटत नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. तुमच्या मुलाला किंवा मुलीला हे प्रश्न पडत असतील तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. ‘नीटमध्ये गुण कमी पडले, मग वैद्यकीयच्या जवळपासचं काहीतरी बघू’ या हिशेबाने मात्र इकडे वळू नये, हे आधीच सांगितलेलं बरं.

शरीरात किंवा शरीराला लागून राहू शकणारे पदार्थ घडवणं, हे बायोमटेरियल्सचं काम. त्यातलंच एक कुटुंब हायड्रोजेलचं. हायड्रोजेल म्हणजे स्वतः न विरघळता पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जो पारदर्शक गर धरतो, तो निसर्गातला हायड्रोजेलच. आपल्याकडे बसवली जाणारी घडीची अनेक भिंगं ज्या हायड्रोफिलिक ॲक्रिलिकची असतात, तेही याच गोतातलं.

या शाखेचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस म्हणजे चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले. त्याने आणि द्राहोस्लाव्ह लिम याने १९६० साली ‘नेचर’मध्ये पाणी शोषणाऱ्या जेलवर निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी दोनच वर्षं, १९५८मध्ये, राजकीय कारणांवरून प्राग इथल्या रसायन संस्थेतून विख्तर्लेला काढलं होतं. या जेलच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स साच्यातून काढताना फाटायच्या, कडा खरबरीत राहायच्या, आणि आरोग्य खात्याने प्रकल्पावरचा हातही काढून घेतला. १९६१च्या नाताळात विख्तर्लेने घरीच मुलांच्या ‘मेर्कुर’ या जोडखेळाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो वापरून एक यंत्र जुळवलं. फिरत्या साच्यात द्रव ओतायचा आणि फिरता फिरताच तो घट्ट होऊ द्यायचा, ही त्यातली युक्ती. पहिल्या चार लेन्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार झाल्या. पुढे हक्क अमेरिकेत विकले गेले, १९७१मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, परवानगी दिली आणि प्रचंड उद्योग उभा राहिला. विख्तर्लेच्या वाट्याला त्यातला फार थोडा पैसा आला. पालकांनी हेही वाचून ठेवावं.

विख्तर्लेच्या पदार्थात सुमारे ३८ टक्के पाणी असतं. तो मऊ, स्वच्छ, डोळ्याला सोसणारा. अडचण प्राणवायूची होती. कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक असतो. त्याला लागणारा प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या थरातून येतो. लेन्स घालून झोपलं की तो तुटपुंजा पडतो. सिलिकोनमधून प्राणवायू सहज जातो, पण सिलिकोनला पाण्याचं वावडं. दोघांना एकाच जाळ्यात नांदवायचं आणि तरी पदार्थ दुधाळ होऊ द्यायचा नाही, यात सुमारे वीस वर्षं गेली. १९९९च्या सुमारास सिलिकोन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. या क्षेत्रातला एक ‘प्रॉब्लेम’ सुटायला किती काळ लागतो, त्याचा अंदाज यावरून यावा.

रोजचं काम कसं असतं? मोनोमर, म्हणजे पॉलिमरचे सुटे घटक, मोजायचे, साच्यात भरायचे, अतिनील दिव्याखाली घट्ट करायचे, मग ती चकती दिवसेंदिवस धुवत राहायची, कारण आत उरलेला मोनोमर डोळ्याला जाचतो. नंतर ती किती फुगते, प्रकाश किती जाऊ देते, तिच्यावर अश्रूंमधली प्रथिनं किती साचतात, पेशी तिच्याजवळ जगतात का, हे तपासायचं. आठवडाभराच्या मेहनतीनंतर हाती पांढुरकी, तडकलेली चकती येते आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्याला याचा कंटाळा येतो त्याने इकडे येऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

आणि काळजी कशी घ्यावी लागते, ते मिरागेलवरून कळतं. सुटलेला रेटिना जागेवर बसवताना डोळ्याला बाहेरून आधाराची पट्टी लावतात. १९८०च्या दशकात त्यासाठी हा हायड्रोजेल आला. मऊ, सोयीचा, सर्जनना आवडलेला. बऱ्याच वर्षांनी काही रुग्णांच्या डोळ्यांत तो फुगू लागला. काढायला जावं तर चिमट्यात तुकडे पडायचे. प्रयोगशाळेतल्या काही महिन्यांच्या चाचणीत हे दिसलं नव्हतं. माझ्या मते या विषयाच्या विद्यार्थ्याने विख्तर्लेच्या आधी मिरागेलचा अभ्यास करावा.

आज काम कुठे चाललं आहे? डोळ्यात टाकलेल्या थेंबातलं पाच टक्क्यांहूनही कमी औषध आत पोहोचतं, बाकीचं पापण्यांच्या उघडझापीत वाहून जातं. काचबिंदूच्या रुग्णाला जन्मभर थेंब टाकावे लागतात, तेव्हा औषध हळूहळू सोडणारा जेल ही मोठी गरज आहे. अश्रुनलिकेच्या तोंडाशी बसून महिनाभर स्टेरॉइड सोडणाऱ्या हायड्रोजेलच्या काडीला अमेरिकेत २०१८मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आयआयटी आणि सीसीएमबी यांच्यासह थ्री-डी प्रिंटिंगने कॉर्निया बनवून २०२२मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला.

आता वाट. बारावीनंतर लगेच ‘बायोमटेरियल्स’ हे नाव असलेली पदवी शोधत फिरू नका. पहिली पदवी रसायनशास्त्र, पॉलिमर, केमिकल इंजिनिअरिंग किंवा फार्मसीची असावी. डोळा नंतर शिकता येतो, कच्चं राहिलेलं रसायनशास्त्र नंतर भरून काढणं महाकठीण. माटुंग्याच्या आयसीटीत पॉलिमर अभियांत्रिकी आहे. साधं बीएस्सी करून जॅम परीक्षेने आयआयटीत एमएस्सी करता येतं. पुण्याची आयसर हाही पर्याय आहे. गेटमध्ये अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात पॉलिमरचा विभाग आहे, बायोमेडिकलचा पेपर वेगळा आहे. पीएचडीसाठी पुण्याची एनसीएल, आयआयटी मुंबई, तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था ही नावं लक्षात ठेवा. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, शिकले आणि एनसीएलमध्ये त्यांनी फुगणाऱ्या जेलवरच संशोधन केलं.

पैशाचं स्पष्ट बोलू. नेट-जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं. पीएचडी संपेपर्यंत वय सत्तावीस-अठ्ठावीस होतं. तोवर आयटीतला वर्गमित्र फ्लॅटचे हप्ते भरत असेल. ही तुलना घरात होणारच. ती आधीच करून टाका, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी नको. पुढे प्राध्यापकी आणि संशोधन संस्था आहेतच. उद्योगात मदुराईची ऑरोलॅब १९९२पासून भिंगं बनवते. वैद्यकीय उपकरणांची २०१७ची नियमावली आल्यापासून चाचण्या, गुणवत्ता आणि परवान्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या, विज्ञान समजणाऱ्या माणसांची गरज वाढली आहे. ही कामं दुय्यम समजू नका. मात्र देशात निव्वळ नव्या पॉलिमरवर संशोधन करणाऱ्या खासगी जागा थोड्या आहेत. अनेकांना काही वर्षं परदेशी जावं लागतं.

पदवीला असलेल्या मुलांनी देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत घालवा, तिथल्या पीएचडीच्या मुलांना चहाच्या वेळी खरं काय ते विचारा. पालकांनो, निर्णय त्या दोन महिन्यांनंतर घ्या.