तीस ब्लँकेटं

नाताळच्या आठवड्यात आम्ही चार मित्र भोकरहून तीस ब्लँकेटं घेऊन एका मिशनच्या शाळेत गेलो. आईबाप नसलेली आणि दसरा-दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेलेली लेकरं तिथल्या बोर्डिंगात राहतात. एकेकाला पुढे बोलावून ब्लँकेट दिलं, फोटो काढले आणि रात्री ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले.

आठवडाभरानं शाळेच्या सिस्टरांचा फोन आला. सातवीतली एक मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. नात नांदेडला मावशीकडे शिकते, असं तिच्या आजीनं गावात सांगितलं होतं, आणि आमचा फोटो त्या गावात पोचला होता. मी तो लगेच काढला, पण तोवर तो कितीजणांकडे गेला होता कोण जाणे. अशा मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे, हे मला तेव्हा कळलं. मुलांचे चेहरे दिसतील असा एकही फोटो काढू नका. शाळेनं आग्रह केला तरी नको.

माफी मागायला गेलो तेव्हा सिस्टरांनी कोठीची खोली उघडली. डांबरगोळ्यांच्या वासात, प्लॅस्टिकही न काढलेल्या ब्लँकेटांची थप्पी छतापर्यंत गेली होती. मग त्यांनी खर्चाची वही दाखवली: चष्मे, पॅड, गॅस, रात्री गणित शिकवणाऱ्या बाईंचं मानधन.

‘‘डिसेंबरात सगळे येतात, सर. तुम्ही जूनमध्ये या.’’

मिशनला बाहेरून पैसा येतो, आपण कशाला द्यायचं, असं गावात म्हणतात. मीही म्हणायचो. पण परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती प्रत्येक संस्थेकडे नसते. म्हणून आधी वही बघायला मागा. थोडे द्या, पण दरमहा आणि बँकेतून द्या, पावती घ्या. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, वस्तूंवर तर मिळतच नाही. आणि एखादं लेकरू आजीपाशीच राहू शकत असेल, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. त्या अर्जासाठी घातलेला एक हेलपाटा आमच्या तीस ब्लँकेटांहून मोलाचा आहे.

यंदा जूनमध्ये आम्ही सोळा चष्मे करून दिले. ती मुलगी आता आठवीत आहे. व्हरांड्यात समोरून आली, पण तिनं ओळख दाखवली नाही. मीही हाक मारली नाही.