जाहिरात आपल्याला कशी वाचते? : सीमाभागातल्या मोबाईलची गोष्ट

साहित्याच्या वर्गात आपण 'गृहीत वाचक' ही संकल्पना शिकतो. लेखक कुणीतरी वाचक डोळ्यांसमोर धरतो आणि त्याची भाषा, वय, समज धरून लिहितो. मोबाईलवरची जाहिरात याच्या एक पाऊल पुढे जाते. तिचा वाचक नुसता गृहीत नसतो, तो आधी वाचून झालेला असतो. हे कसं होतं आणि बेळगाव-निपाणी भागात ते जास्त गंभीर का आहे, ते पाहू.

आधी यंत्रणा. आपण वेबसाईट उघडली की ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची छोटी नोंद राहते. अनेक वेबसाईटवर मोठ्या जाहिरात कंपन्यांचा 'पिक्सेल', म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कोड असतो. आपण काय पाहिलं, काय विकत घेतलं, हे तो कंपनीला कळवतो. फोनला स्वतःचा जाहिरात-क्रमांक असतो, त्यामुळे वेगवेगळ्या ॲपमधल्या नोंदी एकत्र जोडता येतात. त्यात लोकेशन, भाषा आणि कुठल्या व्हिडिओवर आपण किती वेळ थांबलो, याची भर पडते. मग अंदाज बांधला जातो. माझंच घ्या. मी धर्म कुठल्याही ॲपला सांगितलेला नाही. पण रविवारची मिस्सा ऑनलाईन पाहिली, उपवासकाळातली भक्तिगीतं शोधली, की मी कोण हे ओळखायला कुणी बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही.

या अंदाजांचा राजकीय वापर जगाला ठळकपणे कळला तो मार्च 2018 मध्ये, केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात. फेसबुकवरची एक प्रश्नावली सुमारे 2.7 लाख लोकांनी भरली, पण त्यांच्या मित्रयादीतून माहिती गेली ती 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची. फेसबुकच्याच हिशेबाने भारतात प्रश्नावलीचं ॲप घेणारे होते 335, आणि माहिती गेलेले असू शकतील असे सुमारे 5.62 लाख. म्हणजे 'मी काही भरलंच नाही' म्हणून आपण सुटत नाही.

जानेवारी 2022 पासून मेटा कंपनीने धर्म, राजकीय मत असे संवेदनशील विषय निवडून जाहिरात दाखवण्याचे पर्याय काढले. पण ठिकाण आणि भाषा हे पर्याय राहिले. दुसऱ्या एखाद्या शहरात हे दोन पर्याय साधे वाटतील. आपल्याकडे तसं नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून इथला सगळा वाद ठिकाण आणि भाषा याच दोन गोष्टींचा आहे. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. 'खेडं हा घटक धरा' ही महाराष्ट्राची जुनी मागणी. जाहिरातदाराला तर खेड्याहून लहान घटक मिळालाय: एकेक फोन. 'निपाणी आणि मराठी' एवढं निवडलं तरी त्यातून राजकीय ओळख जवळजवळ आपोआप निघते.

आणि ती चुकीचीही असू शकते. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही आणि फोन इंग्रजीत. यंत्राला ही सरमिसळ पेलत नाही. ते एक खूण पकडतं आणि तसलंच आणखी दाखवत राहतं.

डिसेंबर 2022 आठवून पाहा. 6 तारखेला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकच्या बसेसना काळं फासलं गेलं. 14 तारखेला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं, की मोठ्या नेत्यांच्या नावाच्या बनावट ट्विटर खात्यांनी हा वाद वाढवला. ही काही पैसे भरून केलेली जाहिरात नव्हती. पण ज्यावर लोक चिडून बोलतात, शेअर करतात, ते वर आणायचं हा अशा माध्यमांचा नेहमीचा हिशेब. त्यामुळे एका बाजूच्या फोनवर दगड जास्त दिसणार, दुसऱ्या बाजूच्या फोनवर काळं फासणं.

मला धोका इथे दिसतो. 'तरुण भारत'मधली राजकीय जाहिरात सगळं गाव बघतं. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "हे खोटं आहे की रे!" फोनवरची जाहिरात ज्याला दाखवायची त्यालाच दिसते. शेजाऱ्याला ती दिसलीच नाही, तर तो खोडून काढणार कशी?

कायदा आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची अट आहे, आपली माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्कही आहे. मात्र त्याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते, हेही वाचायला हवं.

तोवर आपण तीन गोष्टी करू शकतो. एक, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात-क्रमांक पुसायचा आणि गरज नसलेल्या ॲपचं लोकेशन बंद करायचं. दोन, राजकीय जाहिरात दिसली की 'ही मला का दिसतेय?' या पर्यायावर बोट ठेवायचं. तीन, मेटाच्या 'ॲड लायब्ररी'त 'बेळगाव', 'निपाणी' हे शब्द मराठीत आणि कन्नडमध्येही शोधायचे. पैसे कुणी भरले, साधारण किती भरले आणि कुठल्या वयाच्या लोकांना ती दाखवली, हे तिथे कळतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या फोनवरच्या एका राजकीय जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणावा, असं सुचवते. कन्नड विभागातल्या मित्रमैत्रिणींनाही बोलावू. त्यांच्या फोनवर काय येतं, ते आपण अजून पाहिलेलं नाही.