निःशब्द रेषेचे वाचन : शि. द. फडणीस यांची 'हसरी गॅलरी' आणि शैलीवैविध्याचा प्रश्न

'व्यंगचित्र' ही मराठीत रूढ झालेली संज्ञा आहे. परंतु तिच्यात एक अडचण दडलेली आहे. 'व्यंग' म्हणजे न्यून, वैगुण्य. या अर्थाने व्यंगचित्र म्हणजे एखाद्याचे वैगुण्य वाढवून दाखविणारे चित्र ठरते, आणि राजकीय व्यंगचित्राला ही व्याख्या बऱ्याच अंशी लागूही पडते. संस्कृत काव्यशास्त्रातील 'व्यंग्य' हा शब्द मात्र निराळ्या धातूपासून आलेला आहे. जे उघड सांगितलेले नाही पण सूचित झाले आहे, ते व्यंग्य. शि. द. फडणीस यांच्या चित्रांत कोणाचेही व्यंग दाखविलेले नसते. त्यांत जे असते ते व्यंग्य असते. त्यांच्या चित्रांना 'हास्यचित्र' म्हणण्याची जी प्रथा पडली, तिच्या मुळाशी हाच भेद असावा. साहित्याच्या अभ्यासकाने या चित्रांकडे वळण्याचे कारणही येथेच सापडते. शब्दांवाचून ध्वनी कसा निर्माण होतो, हे तपासण्यासाठी मराठीत याहून चांगली सामग्री क्वचितच मिळेल.

फडणीस यांचा जन्म 1925 साली सीमाभागातील, तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी घेतलेले शिक्षण उपयोजित कलेचे होते, ही गोष्ट त्यांच्या चित्रांचा विचार करताना नजरेआड करता येत नाही. उपयोजित कलेत चित्राला आधी काम नेमून दिलेले असते आणि त्यानंतर शैली ठरते. अनंत अंतरकर यांच्या 'हंस' आणि 'मोहिनी' या मासिकांची मुखपृष्ठे, विनोदी लेखनासाठीची चित्रे, शालेय गणिताच्या पुस्तकांतील चित्रे अशी नाना प्रकारची कामे त्यांनी केली. 1965पासून 'हसरी गॅलरी' या नावाने त्यांच्या चित्रांची प्रदर्शने होत गेली आणि एरवी हातात धरून पाहायची चित्रे भिंतीवर आली.

या चित्रांतील सर्वाधिक परिचित चित्र म्हणजे 'मोहिनी'च्या 1952च्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ. बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी उभी आहेत. तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे, तरुणाच्या बुशशर्टावर मांजरांची. चित्र एवढेच, शब्द एकही नाही. नक्षीदार कापडात हसण्यासारखे काही नाही, बसची वाट पाहण्यात तर नाहीच. हसू येते ते दोन नक्ष्या एकाच वाक्यातील दोन पदांप्रमाणे एकमेकींशी जोडून वाचल्यावर. आणि ही जोडणी कागदावर नाही, ती पाहणाऱ्याच्या मनात होते. मांजर आणि उंदीर यांचे नाते त्याला लहानपणापासून ठाऊक असते. चित्रकार केवळ ते नाते जागे होईल अशी मांडणी करतो. डोळा आधी माणसे पाहतो, मग कापड पाहतो, मग कापडांचा परस्परसंबंध; आणि तेथून पुन्हा माणसांकडे परततो तेव्हा ती माणसे पूर्वीची राहिलेली नसतात. त्यांच्यात काहीतरी घडू पाहत आहे, असा अर्थ आता त्यांना चिकटलेला असतो. गद्यातला विनोदकार हा क्रम वाक्यरचनेने सांभाळतो, कळीचा शब्द शेवटी ठेवतो. चित्रात आरंभ आणि शेवट एकाच क्षणी समोर असतात. तरीही क्रम राखणे, म्हणजे महत्त्वाची गोष्ट सर्वांसमक्ष ठेवून ती उशिरा दिसेल असे करणे, हे फडणीस यांच्या मुखपृष्ठशैलीचे खरे लक्षण होय. खाली एक ओळ छापली असती तर व्यंग्याचे वाच्य झाले असते आणि चित्र तेथेच संपले असते.

या शैलीला छपाईचेही एक कारण आहे. ठशांवरून होणाऱ्या छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागे, आणि ठसे एकमेकांवर अचूक बसले नाहीत तर रंग रेषेबाहेर सांडत असे. बंदिस्त, एकसारख्या जाडीची रेषा आणि तिच्या आत सपाट रंग ही योजना अशा छपाईला सोसणारी होती. शिवाय मुखपृष्ठ हे विक्रेत्याच्या दोरीवर इतर अंकांच्या गर्दीत टांगले जाणार. दुरून ते डोळ्यांत भरावे आणि जवळून काहीतरी हाती द्यावे, अशी दुहेरी अपेक्षा त्याच्याकडून असते. सपाट रंग पहिले काम करतात, दडवलेला संबंध दुसरे.

गणिताच्या पुस्तकांतील चित्रे पाहताना प्रथमदर्शनी वाटते की येथे चित्रकाराने काहीच बदललेले नाही. रेषा तीच, गोलसर माणसे तीच, स्वच्छता तीच. प्रत्यक्षात येथे मागणी नेमकी उलटी आहे. मुखपृष्ठात अर्थ उशिरा कळावा लागतो. पाठ्यपुस्तकात तो चुकून दुसरा कळता कामा नये. चित्रात पाच वस्तू असतील तर त्या पाचच दिसल्या पाहिजेत. एक वस्तू दुसरीच्या आड अर्धवट गेली की मोजणारे मूल अडखळते. त्यामुळे वस्तू सुट्या मांडाव्या लागतात, पार्श्वभूमी रिकामी ठेवावी लागते, आणि विनोदाला संख्येच्या वाटेतून बाजूला सरून एखाद्या चेहऱ्यावर, एखाद्या उभे राहण्याच्या ढबीवर जागा शोधावी लागते. मुखपृष्ठावर विनोद हाच आशय होता. येथे तो आशयाचा सोबती आहे. हसवताना गप्प बसण्याची ही कला पहिलीपेक्षा अवघड म्हणावी लागेल, जरी प्रदर्शनात तिच्यापुढे फार कोणी थांबत नाही.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची, म्हणजे 'बालभारती'ची स्थापना जानेवारी 1967ची. त्याच वर्षी 11 डिसेंबरला कोयनानगर भूकंपाने हादरले. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. मात्र धरणाच्या कामासाठी ठिकठिकाणाहून आलेल्या कुटुंबांच्या त्या वस्तीचा विचार केला तर चित्रांच्या प्रसाराविषयी एक गोष्ट लक्षात येते. प्रदर्शन ही नागर संस्था आहे. मुंबईचे जहांगीर कलादालन 1952 साली, म्हणजे 'मोहिनी'च्या त्या मुखपृष्ठाच्याच वर्षी, सुरू झाले. पण पाटण तालुक्यातल्या मुलाला ते दूरच राहिले. पुढे गणिताचे पुस्तक मात्र त्याच्या दप्तरात आले. कोयनानगरच्या वर्गातील मूल आणि दादरच्या वर्गातील मूल एकाच चित्राकडे पाहून मोजायला शिकले. आज पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आधीच्या पिढीने पाहिलेले पहिले 'फडणीस' बहुधा हेच होते, आणि चित्रकाराचे नाव ठाऊक नसतानाच ते पाहिले गेले.

मग एकाच रेषेने इतकी भिन्न कामे होत असतील, तर शैली कोठे शोधायची? दीनानाथ दलाल (1916–1971) यांच्या बाबतीत हा प्रश्न सोपा आहे. 'दीपावली'तील त्यांच्या शृंगारनायिका आणि 'राजा शिवछत्रपती'तील त्यांची रेखाचित्रे शेजारी ठेवली तर हात बदलल्यासारखा वाटतो. विषयाप्रमाणे रेषा, रंग, अलंकरण सारेच पालटते. वसंत सरवटे यांची वाट तिसरी. जयवंत दळवी यांच्या 'ललित'मधील सदरासाठी त्यांनी काढलेला हातोडाधारी ठणठणपाळ हा मजकुराला जोडलेला प्राणी आहे. लेखन वाचल्याशिवाय त्याची खोडी पुरती उमगत नाही. फडणीस यांची रेषा फारशी पालटत नाही आणि मजकुरावर रेलतही नाही. त्यांच्याकडे पालटतो तो पाहणाऱ्याकडे सोपविलेल्या कामाचा वाटा. कधी सारा अर्थ त्याने जुळवायचा असतो, कधी फक्त मोजायचे असते, कधी लेखकाच्या शब्दांशी चित्र ताडून पाहायचे असते. शैलीवैविध्य म्हणून जे ओळखायचे ते हे, आणि ते रेषेत शोधणाऱ्याला एकसुरीपणाच आढळेल.

या एकसुरीपणाचा आक्षेप अगदीच निराधार नाही. या चित्रांतले जग नीटनेटके, मध्यमवर्गीय, बहुतांशी निर्वेध आहे. तेथे भूक नाही, जात नाही, सत्ता आहे ती फार तर घरातली. बंदिस्त रेषेला चिखल आणि घाम पेलत नाही. काही चित्रांत कल्पना पातळ असते आणि केवळ प्रसन्नता उरते. अशी चित्रे दुसऱ्यांदा पाहताना हसू येत नाही. साडी-शर्टाच्या चित्राचे तसे होत नाही, कारण त्यात युक्तीच्या पलीकडे माणसांविषयीचे कुतूहल आहे.

प्रदर्शनाची रीत हा सारा भेद पुसून टाकते. सर्व चित्रे एकाच उंचीवर, सारख्या चौकटींत लागतात. मुखपृष्ठावरून मासिकाचे नाव आणि किंमत गळते, पाठ्यपुस्तकातील चित्रावरून उदाहरण गळते, कथेतील चित्रावरून कथा गळते. उरलेल्या चित्राकडे प्रेक्षक विनोदाच्याच अपेक्षेने पाहतो आणि हसू न आल्यास पुढे सरकतो. म्हणून आस्वादकाला भिंतीवरचे चित्र मनाने पुन्हा पानावर न्यावे लागते.

पण ते पान तरी शिल्लक आहे काय? महाविद्यालयीन ग्रंथालयांत नियतकालिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. जाडी कमी होते, बांधणी घट्ट बसते, खर्च वाचतो. त्या खंडांवरून मराठी विनोदाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या संशोधकाला 1952च्या दिवाळीत वाचकाने अंक उघडण्यापूर्वीच काय पाहून हसायला सुरुवात केली होती, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. गणिताच्या पुस्तकांची स्थिती याहून वाईट, कारण जुने पाठ्यपुस्तक जपण्याजोगे कोणाला वाटतच नाही; ते धाकट्या भावंडाकडे जाते आणि नंतर रद्दीत. कराड-पाटण परिसरातील घरांच्या माळ्यांवर, जुन्या शाळांच्या कपाटांत अशी काही पुस्तके आणि कव्हरासकटचे अंक अजून सापडू शकतील. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांची सूची करावयास घेतली, अंकाचे वर्ष, पृष्ठ, चित्राशेजारचा मजकूर आणि छपाईचे रंग एवढ्या नोंदी जरी केल्या, तरी चौकटींतून गळलेले बरेच काही परत मिळू शकेल.