चौथी ओंजळ: लूर्ड्सची माता आपल्याला काय करायला सांगते?

मननासाठी वचने: योहान २:१-११, मार्क १:१४-१५



आज ११ फेब्रुवारी. लूर्ड्सच्या मातेचा सण आणि जागतिक रुग्णदिन. सकाळपासून तुमच्याही फोनवर ग्रोटोचे फोटो येत असतील. उपवासकाळही दाराशी आला आहे. म्हणून आज एकाच प्रश्नावर मनन करूया: पवित्र मरियेची दर्शने आपल्याला कशासाठी दिली जातात? बघण्यासाठी, की काही करण्यासाठी?

हा प्रश्न मला पुस्तकात नाही, आईच्या उशाशी पडला. गेल्या पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. रात्री तिच्याजवळ जागताना मी मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ बघायचे. कुठे पुतळ्याच्या डोळ्यांतून पाणी, कुठे ढगात मरियामातेचा चेहरा. रोझरी हातात असायची, पण मणी पुढे सरकायचे नाहीत. मला फक्त एक खूण हवी होती, की आई बरी होणार.

त्याच दिवसांत मावशीने लूर्ड्सचं पाणी आणून दिलं. मरियामातेच्या आकाराची ती छोटी प्लास्टिकची बाटली, निळ्या झाकणाची. मी घाईघाईने आईच्या कपाळाला पाणी लावायला गेले, तर ती अडखळत म्हणाली, "पाणी राहू दे गं. दादाला फोन केलास का?"

पप्पा गेल्यानंतर गावच्या घरावरून दादाचं आणि माझं बिनसलं. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आईच्या त्या प्रश्नाचा मला रागच आला. इथे मी चमत्कार मागतेय आणि ही दादाचं काय घेऊन बसलीये! पण नंतर लूर्ड्सची हकिकत नीट वाचली आणि कळलं, आई अगदी मरियामातेसारखंच बोलली होती.

गुहेपाशी काय घडलं?

साल १८५८. फ्रान्समधल्या पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याचं लूर्ड्स गाव. बर्नादेत सुबिरू १४ वर्षांची. दम्याने बेजार, लिहिता-वाचता येत नाही, अजून पहिला ख्रिस्तप्रसादही घेतलेला नाही. वडिलांची पिठाची गिरणी हातची गेलेली, सगळं कुटुंब एका जुन्या तुरुंगाच्या खोलीत राहतंय. ११ फेब्रुवारीला बहीण आणि मैत्रिणीबरोबर ती सरपण गोळा करायला नदीकाठच्या मासाबिएल गुहेपाशी गेली. तिथे तिला शुभ्र वस्त्रातली, कमरेला निळा पट्टा बांधलेली एक तरुण स्त्री दिसली.

घाबरलेल्या बर्नादेतने खिशातली रोझरी काढली. क्रुसाची खूण करायला गेली तर हात वर जाईना. त्या स्त्रीने आधी स्वतः खूण केली, तेव्हा कुठे तिचा हात उठला. मग तिने रोझरी म्हटली आणि ती स्त्रीही हातातल्या माळेचे मणी सरकवत राहिली. एक शब्द बोलणं झालं नाही. म्हणजे लूर्ड्सची सुरुवात कुठल्याही संदेशाने झाली नाही. दोघींनी मिळून केलेल्या प्रार्थनेने झाली. आणि ती प्रार्थना नवी नव्हती. त्या गरीब मुलीला जी येत होती, तीच.

१६ जुलैपर्यंत अशी एकूण १८ दर्शने झाली. त्यांतल्या तारखा जरा बघा. त्या वर्षी राखेचा बुधवार १७ फेब्रुवारीला होता. दुसऱ्याच दिवशी, १८ तारखेला, ती स्त्री पहिल्यांदा बोलली आणि तिने बर्नादेतला १५ दिवस येण्याची विनंती केली. म्हणजे तो सगळा पंधरवडा उपवासकाळातला! २४ फेब्रुवारीला तिने एकच शब्द तीनदा उच्चारला: प्रायश्चित्त. पापी लोकांसाठी प्रार्थना कर, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, जमलेल्या लोकांनी जे पाहिलं ते बघून अनेकांचा विश्वासच उडाला. झऱ्याचं पाणी पी आणि त्यात तोंड धू, असं बर्नादेतला सांगण्यात आलं. पण झरा होता कुठे? ती आधी नदीकडे निघाली. त्या स्त्रीने तिला गुहेत खडकाखालची जागा दाखवली. बर्नादेत हातांनी माती उकरू लागली. नुसता चिखल आला. तीनदा ओंजळीत घेतलं आणि तीनदा टाकून दिलं. चौथ्यांदा कसंबसं प्यायली. तोंडाला चिखल फासला गेला, वर तिथला पालाही तिने खाल्ला. लोक म्हणाले, पोरगी वेडी झाली. हे कशासाठी, असं विचारल्यावर तिचं उत्तर होतं, पापी लोकांसाठी.

तो चिखल पुढे निवळला आणि स्वच्छ पाणी वाहू लागलं. आज जगभरातून लोक येतात ते त्याच पाण्याकडे. तिथल्या बरं होण्याच्या ७० हून अधिक घटना ख्रिस्तसभेने कसून तपासून चमत्कार म्हणून मान्य केल्या आहेत. पण क्रम विसरू नका: आधी प्रार्थना, मग प्रायश्चित्त, मग चिखल, आणि त्यानंतर पाणी. मला मात्र थेट बाटलीच हवी होती!

दर्शनावर विश्वास ठेवलाच पाहिजे का?

हा प्रश्न आपल्या युवा गटात नेहमी निघतो. ख्रिस्तसभेचं उत्तर स्पष्ट आहे. देवाला आपल्या तारणासाठी जे सांगायचं होतं, ते त्याने येशू ख्रिस्तामध्ये पूर्णपणे सांगितलं आहे. धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद ६७) म्हणतो की अशी खासगी प्रकटने श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नसतात. ती ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात भर घालत नाहीत, एखाद्या काळात ते अधिक भरभरून जगायला मदत करतात. म्हणूनच ख्रिस्तसभा घाई करत नाही. तार्बच्या बिशपांनी चौकशी समिती नेमली आणि दर्शने खरी असल्याचं १८ जानेवारी १८६२ रोजी जाहीर केलं. तब्बल साडेतीन वर्षांनी. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने यासाठी नवे नियम आणले. त्यांनुसार आता साधारणपणे "हे दैवी आहे" असा निर्वाळासुद्धा दिला जात नाही. श्रद्धेला बाधा नसेल तर भक्तीला हरकत नाही, एवढंच सांगितलं जातं.

मग व्हॉट्सॲपवर एखाद्या "दर्शनाचा" व्हिडिओ आला तर काय करायचं? मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारते. यामुळे मी येशूच्या जवळ जातेय का? मला माझं पाप दिसतंय की दुसऱ्यांचं? हे बघून झाल्यावर मी प्रार्थनेला बसणार आहे, की पुढचा व्हिडिओ लावणार आहे?

काना गावचं लग्न आठवा. द्राक्षारस संपल्याचं मरियेने ओळखलं. तिने नोकरांना स्वतःकडे बघायला सांगितलं नाही, येशू सांगेल तसं करायला सांगितलं. नोकरांनी मुकाट्याने सहा मोठे दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले. कष्टाचंच काम ते. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या पहिल्याच घोषणेत पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा, हे आलंच आहे. लूर्ड्सला मरियेने नवीन काहीच सांगितलं नाही. तिने आपल्या पुत्राचंच बोलणं पुन्हा ऐकवलं.

प्रायश्चित्त म्हणजे नक्की काय?

आपल्याला वाटतं, प्रायश्चित्त म्हणजे शिक्षा. चॉकलेट बंद, चिकन बंद, इन्स्टा बंद. हे सगळं चांगलंच आहे. पण शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर, वळण्यावर आहे. मी ज्या दिशेला पाठ केलीये तिकडे तोंड करणं. आणि बर्नादेतने तर ते स्वतःसाठीही केलं नाही, इतरांसाठी केलं. त्या पाण्याने तिचं दुखणं गेलं नाही. पुढे ती नव्हेरच्या मठात सिस्टर झाली, आजारपण सोसत राहिली आणि १८७९ साली ३५ व्या वर्षी देवाघरी गेली. १९३३ मध्ये ख्रिस्तसभेने तिला संत घोषित केलं. ते तिला दर्शन झालं म्हणून नाही, त्यानंतर ती जशी जगली त्यासाठी.

आता माझं सांगते. मी कन्फेशनला गेले. रडले. मग दादाला फोन केला. पहिल्यांदा त्याने उचललाच नाही. दुसऱ्यांदा आईच्या गोळ्यांवर दोन मिनिटं बोलला आणि ठेवून दिला. तिसऱ्यांदा घराचा विषय निघाला आणि आम्ही दोघंही आवाज चढवून बोललो. तीन ओंजळी, तिन्ही चिखलाच्या. आई अजून काठी घेऊनच चालते. खूण काही मिळालेली नाही. पण रोझरीचे मणी आता पुढे सरकतात, आणि त्यातली एक दशमाला दादासाठी असते.

आज संध्याकाळी मी त्याला पुन्हा फोन करणार आहे.

आजचा संकल्प: आज कोणताही व्हिडिओ फॉरवर्ड करू नका. त्याऐवजी, ज्याच्याकडे तुम्ही पाठ फिरवली आहे अशा एका व्यक्तीसाठी रोझरीची एक दशमाला म्हणा. जमलं तर तिला एक मेसेज करा. आणि राखेच्या बुधवारच्या आत पापनिवेदन करून घ्या.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तुझ्या आईने एका गरीब मुलीला चिखलात हात घालायला लावलं, आणि तिथे झरा होता. आमच्या घरातल्या चिखलाची आम्हाला किळस येते, भीतीही वाटते. आमचे हात धर. ओंजळ टाकून द्यावीशी वाटली तरी पुन्हा वाकण्याचं बळ दे. आजारी असलेल्या सर्वांना आज तुझा स्पर्श होऊ दे. आमेन.

लूर्ड्सच्या माते, आमच्यासाठी विनंती कर.
संत बर्नादेत, आमच्यासाठी विनंती कर.